दोन कॉम्प्युटर आणि दीड मीटरची तार

एप्रिल २०२०मध्ये बाबांना एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. मे महिन्यातलं लग्न लॉकडाउनमुळे पुढे गेलं होतं आणि आता घरच्या घरी, मोजक्या माणसांत उरकायचं ठरत होतं. छापून तयार असलेल्या चारशे पत्रिका गठ्ठ्यात तशाच पडून होत्या. त्यांना हवी होती तीच पत्रिका, नवी तारीख घालून, व्हॉट्सॲपवर पाठवता येईल अशी. बाबा म्हणाले, "अर्ध्या तासात देतो." जुना कॉम्प्युटर सुरू व्हायलाच त्यातली चौदा मिनिटं गेली, आणि सुरू होताना आतून जो आवाज येत होता तो मला स्वयंपाकघरात ऐकू आला. टक्, टक्, टक्, मग जरा थांबून पुन्हा टक्.

बाबा घरूनच डीटीपी, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचं काम करतात. लग्नाच्या, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या पत्रिका, मंडळांचे अहवाल, पावती पुस्तकं. कॉम्प्युटर २०१० सालचा, असेंबल केलेला, विंडोज ७, दोन जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क. १४ जानेवारी २०२०ला विंडोज ७ला मिळणारे सुरक्षेचे अपडेट बंद झाले, म्हणून फेब्रुवारीत आम्ही विंडोज १०चा लॅपटॉप आणला. तो दोन महिने टेबलावर विणलेल्या रुमालाखाली झाकलेला होता. "फायली त्यात नाहीत, तर त्याच्यासमोर बसून करू काय?" हा बाबांचा युक्तिवाद, आणि तो बिनतोड होता.

मी शाळेत गणित शिकवते. शाळा बंद, त्यामुळे वेळ भरपूर. त्या टकटकीनंतर मी ठरवलं की सगळंच्या सगळं लॅपटॉपवर आणायचं. एकूण किती आहे ते पाहिलं, तर १८७ जीबी.

घरात एक पेनड्राइव्ह होता, सोळा जीबीचा, प्रत्यक्षात साडेचौदा भरणारा. म्हणजे तेरा फेऱ्या. एक भरायला पाऊण तासाच्या वर आणि रिकामा करायला पंधरावीस मिनिटं. तेरा गुणिले एक तास, वर प्रत्येक फेरीला कोणीतरी उठून जायचं. तरी सुरुवात केली. तिसऱ्या फेरीला दादाच्या लग्नाच्या व्हिडिओची सव्वासहा जीबीची फाइल आली आणि पेनड्राइव्हने ती घ्यायला नकार दिला. जागा होती, तरी नकार. पेनड्राइव्ह एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, आणि त्या पद्धतीत एकच फाइल चार जीबीपेक्षा मोठी ठेवताच येत नाही. बाहेरची हार्ड डिस्क विकत आणावी तर पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली बंद, आणि ऑनलाइन मागवावी तर फक्त जीवनावश्यक वस्तू पोचत होत्या. हार्ड डिस्क जीवनावश्यक आहे हे सरकारला कोण सांगणार?

मग लक्षात आलं की हे दोन्ही कॉम्प्युटर तसे आधीच जोडलेले आहेत. जुना राउटरला तारेने, लॅपटॉप वायफायने. दोन्हीवर आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) आयपीकॉन्फिग टाइप केलं, म्हणजे कॉम्प्युटर जाळ्यातला आपला पत्ता सांगतो. एकाचा पत्ता १९२.१६८.१.५, दुसऱ्याचा १९२.१६८.१.८. पहिले तीन आकडे सारखे म्हणजे एकाच गल्लीत राहतात. फक्त त्यांची ओळख नव्हती.

ओळख करून देणं हेच सगळं काम निघालं. तार लावायला एक मिनिट लागतं. उरलेले तीन दिवस मी दोन कॉम्प्युटरांची एकमेकांबद्दल खात्री पटवण्यात घालवले.

पहिला फोन नाशिकला, दादाला. दादा अशा बाबतीत फार ठामपणे बोलतो. "होमग्रुप कर. दोन क्लिकचं काम." होमग्रुप म्हणजे घरातल्या कॉम्प्युटरांना एकमेकांच्या फायली दाखवायची विंडोजची सोय. जुन्यावर तो सापडला, त्याने लांबलचक पासवर्डही दिला, तो मी वहीत उतरवून घेतला. आता लॅपटॉपवर तोच होमग्रुप शोधायचा. अर्धा तास शोधला. कंट्रोल पॅनेल उलटंपालटं केलं. शेवटी कळलं की विंडोज ७ बरोबर आलेली ही सोय मायक्रोसॉफ्टने २०१८ सालीच विंडोज १०मधून काढून टाकली आहे. दादाला सांगितलं तर म्हणाला, "माझ्याकडे तर आहे." त्याच्याकडे विंडोज ७च आहे.

मग साध्या मार्गाने. जुन्यावर डी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, ॲडव्हान्स्ड शेअरिंग, नाव दिलं 'जुना'. परवानगीत फक्त 'रीड' ठेवलं. हे मुद्दाम. लॅपटॉपने जुन्यावरून वाचावं, पण माझ्या हातून चुकून काही पुसलं जाऊ नये. बाबांची दहा वर्षं त्यात होती.

लॅपटॉपवर 'नेटवर्क' उघडलं. रिकामं. शेजारी कोणीच नाही. इथे बरेच जण हार मानतात असं मला वाटतं, कारण यादीत नाव दिसलं नाही म्हणजे जोडणीच नाही असा समज होतो. पण यादीत दिसणं वेगळं आणि पोचता येणं वेगळं. एखाद्याचं नाव टेलिफोन डिरेक्टरीत नसलं तरी नंबर माहीत असेल तर फोन लागतोच. वरच्या पट्टीत थेट पत्ता टाइप केला: दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे १९२.१६८.१.५. बाबा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "रेघ चुकली, इकडून तिकडे हवी." नाही, वेबसाइटच्या पत्त्यात असते त्याच्या उलटी. एंटरच्या आसपास असते ती.

चौकट आली. नाव आणि पासवर्ड विचारत होती.

"बाबा, जुन्याचा पासवर्ड काय?"

"पासवर्ड कशाला? घरातला कॉम्प्युटर आहे. घरात कोणी कपाटाला कुलूप लावतं का?"

(आमच्या घरात कपाटाला कुलूप असतं, आणि त्याची किल्ली बाबांकडेच असते. पण ते असो.)

पासवर्ड नाही, म्हणून मी ती जागा रिकामी सोडून एंटर दाबलं. नकार. पुन्हा दाबलं. पुन्हा नकार. विंडोजचा नियमच असा आहे की ज्या खात्याला पासवर्ड नाही ते खातं फक्त समोर बसून वापरता येतं, नेटवर्कवरून नाही. विचार केला तर नियम शहाणपणाचा आहे. घरात येणारा माणूस आईच्या नजरेखालून येतो, तारेतून येणारा कोणाच्याच नाही. पण मला हे समजायला संध्याकाळ झाली, कारण चौकटीत फक्त 'पासवर्ड चुकीचा आहे' अशा अर्थाचं वाक्य येत राहिलं आणि मी बाबांवर संशय घेत राहिले. "नीट आठवा, कधीतरी घातला असेल." "नाही गं." "आईचं नाव घातलं असेल." "तिचं नाव मी पासवर्डला का देईन?" यावरून वेगळाच विषय सुरू झाला.

बाबांच्या खात्याला पासवर्ड घालायला ते तयार नव्हते, रोज सकाळी टाइप करावा लागेल म्हणून. मग मी जुन्यावर दुसरं खातं उघडलं, नाव 'टपाल', त्याला पासवर्ड दिला. बाबा त्यांच्या खात्याने आत येणार, लॅपटॉप 'टपाल'च्या नावाने. लॅपटॉपवर नाव टाइप करताना आधी जुन्या कॉम्प्युटरचं नाव, मग उलटी रेघ, मग टपाल असं लिहिलं, नाहीतर लॅपटॉप स्वतःच्याच खात्यांत टपालला शोधत बसतो. आणि उघडला! डी ड्राइव्ह लॅपटॉपच्या पडद्यावर. मी बाबांना हाक मारली. त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "डेस्कटॉपवरचं कुठंय?"

बाबांचं चालू काम सगळं डेस्कटॉपवर. 'नवीन', 'नवीन २', 'फायनल', 'फायनल करेक्शन', 'हे घ्यायचे' अशा नावांचे एकोणचाळीस फोल्डर. ते सी ड्राइव्हवर बाबांच्या खात्याच्या आत असतात. तो फोल्डरही शेअर केला, तर लॅपटॉपवर नाव दिसतं पण उघडायला गेलं की प्रवेश नाही. डी उघडतो आणि हा नाही, असं का? कारण परवानग्या दोन ठिकाणी असतात. शेअरिंगच्या टॅबवर एक, सिक्युरिटीच्या टॅबवर दुसरी, आणि दोन्हींत जी जास्त कडक ती चालते. वाड्याचा दिंडी दरवाजा सताड उघडा असला म्हणून आतल्या बिऱ्हाडाच्या दाराचं कुलूप निघत नाही. सिक्युरिटीत 'टपाल'चं नाव घातलं, पुन्हा फक्त वाचण्यापुरतं, आणि तेही उघडलं.

मधल्या काळात दादाने एक व्हिडिओ पाठवून ठेवला होता. त्यात सांगितलं होतं की विंडोज ७ आणि १० बोलत नसतील तर 'एसएमबी १' नावाचा पर्याय चालू करा. मी टिक करायच्या बेतात होते. बरं झालं, आधी वाचलं. एसएमबी ही विंडोजची फायली देण्याघेण्याची बोली आहे आणि १ ही तिची सगळ्यात जुनी, गळकी आवृत्ती. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो तिच्यातल्याच भोकातून. त्याच वर्षीपासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १०च्या नव्या प्रतींत ती मुळात बसवणंच बंद केलं. विंडोज एक्सपीला ही एकच बोली येते, त्यामुळे एक्सपीशी बोलायचं तर ती लागते. विंडोज ७ला पुढची बोली येते. आमचं भांडण बोलीचं नव्हतंच, पासवर्डचं होतं.

आता कॉपी. डी ड्राइव्हवरचा पहिला फोल्डर उचलला, लॅपटॉपवर सोडला. वेग सेकंदाला साडेतीन एमबी. १८७ जीबी म्हणजे साधारण एक लाख एक्क्याण्णव हजार एमबी, भागिले साडेतीन, भागिले ३६०० : पंधरा तास. पेनड्राइव्हच्या तेरा फेऱ्यांना लागतो तेवढाच वेळ, एवढंच की उठावं लागत नाही. शिवाय राउटर बाहेरच्या खोलीत, मध्ये जुन्या वाड्याची दीड फुटी भिंत, आणि आई मायक्रोवेव्ह लावी तेव्हा वेग आणखी पडायचा. आमचं वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं, मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात. आईला हे सांगितल्यावर तिने दोन दिवस दूध गॅसवर गरम केलं आणि ते दर वेळी बोलून दाखवलं.

मग राउटर मधून काढूनच टाकला. जुन्याची जी तार राउटरला जात होती ती तिथून उपसली आणि थेट लॅपटॉपच्या भोकात घातली. दादा म्हणाला, "साधी तार नाही चालणार, क्रॉस केबल लागते." हे एके काळी खरं होतं. दोन कॉम्प्युटर समोरासमोर जोडायचे तर एका टोकाला, आतल्या रंगीत तारांपैकी नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल करावी लागायची, कारण नाहीतर दोघंही एकाच तारेवर बोलतात आणि एकाच तारेवर ऐकतात. गिगाबिटचे, म्हणजे जास्त वेगाचे पोर्ट (तार घालायची भोकं) आले तशी ही कटकट गेली. ते समोर कोण आहे हे ओळखून आतल्या आत अदलाबदल करून घेतात. आमच्या दोन्ही मशीनांचे पोर्ट गिगाबिटचे होते. दिवा लागला.

पण पत्ते गेले. पत्ते वाटायचं काम राउटर करत होता, आणि आता तो मध्ये नव्हता. दोन्ही कॉम्प्युटरांनी थोडा वेळ वाट पाहून १६९.२५४ने सुरू होणारे पत्ते स्वतःच घेतले. कोणी पत्ता देणारं नसेल तर विंडोज असंच करतं. त्या पत्त्यांवरही काम चाललं असतं, पण मला सोपे आकडे हवे होते, म्हणून मी हाताने १९२.१६८.१.१० आणि १९२.१६८.१.२० दिले. आणि लॅपटॉपचं इंटरनेट बंद पडलं. वायफायची खूण पूर्ण, पण एक पान उघडेना. तेव्हाच बाबांना गिऱ्हाइकाला पत्रिका पाठवायची होती. "तू काहीतरी केलंस." केलंच होतं. वायफायवरचा राउटरही १९२.१६८.१ याच गल्लीतला. आता लॅपटॉपला त्याच नावाच्या दोन गल्ल्या दिसत होत्या, एक हवेत आणि एक तारेवर, आणि तो राउटरला तारेवरच्या गल्लीत शोधत होता. तिसरा आकडा बदलला: १९२.१६८.५.१ आणि १९२.१६८.५.२, मास्क २५५.२५५.२५५.० (म्हणजे पहिले तीन आकडे गल्लीचे), आणि इंटरनेटचा रस्ता सांगणारे गेटवे आणि डीएनएस हे रकाने कोरे. नेट परत आलं. पत्रिका गेली.

थेट तारेची आणखी एक अडचण, जिच्यावर माझी एक अख्खी दुपार गेली. पिंग केलं, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरला 'आहेस का?' अशी हाक मारली, तर उत्तर नाही. तार काढून बघ, लावून बघ, दिवा तर पेटतोय. विंडोजला ज्या जाळ्यात राउटर दिसत नाही ते 'अनोळखी नेटवर्क' ठरतं, आणि अनोळखी म्हणजे सार्वजनिक, म्हणजे एसटी स्टँडवरचं वायफाय असावं तसं. तिथे शेअरिंग बंद आणि बाहेरच्यांना अडवणारी फायरवॉल पिंगलाही दाद देत नाही. वायफायला मी 'खासगी' म्हणून सांगितलेलं होतं म्हणून तिथे सगळं चाललं होतं. ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये प्रत्येक प्रकारचा वेगळा विभाग असतो. दोन्ही कॉम्प्युटरांवर 'पब्लिक'च्या विभागात जाऊन फाइल शेअरिंग चालू केलं. ही काही आदर्श गोष्ट नाही. लॅपटॉप बाहेर कुठे नेला तर तिथेही दार उघडं राहील. म्हणून 'बाहेर नेताना बंद करणे' अशी चिठ्ठी लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवली. ती अजून आहे, फक्त आता तिच्यावर आईने दूधवाल्याचा हिशोब लिहिलाय.

आता वेग सेकंदाला अकरा एमबी. तिप्पट झाला म्हणून मी खूश होते, पण मग आकडा खुपायला लागला. गिगाबिट म्हणजे सेकंदाला एक हजार मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट म्हणून भागिले आठ, सव्वाशे एमबी. एवढा मिळणार नाही हे माहीत होतं, पण अकरा? अकरा हा शंभर मेगाबिटचा आकडा आहे. शंभर भागिले आठ साडेबारा, थोडी वजावट, अकरा. दोन्ही पोर्ट हजारचे आणि चालतंय शंभरवर, म्हणजे अडचण मध्येच.

तारेचं टोक खिडकीपाशी उजेडात धरलं. पारदर्शक कनेक्टरमधून आतल्या रंगीत तारा दिसतात. आठ हव्यात. चारच होत्या: नारिंगीची जोडी आणि हिरव्याची. निळी आणि तपकिरी जोडी कुठे गेली? तारेच्या मागे मागे भिंतीवरून गेले तर कोपऱ्यात चिकटपट्टीच्या बोळ्यातून निळी जोडी बाहेर येऊन आतल्या खोलीतल्या फोनच्या एक्स्टेंशनला गेली होती. दहा वर्षांपूर्वी ज्याने तार टाकली त्याने एका तारेत दोन कामं उरकली होती. शंभरच्या वेगाला चारच तारा लागतात, राउटरही शंभरचाच, त्यामुळे कधी कोणाला पत्ता लागला नाही. गिगाबिटला मात्र आठही लागतात. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर कौतुकच वाटलं. तो फोन अजून चालतो.

माळ्यावर राउटरच्या खोक्यात, थर्माकोलच्या खाली, एक कोरी तार सापडली. दीड मीटरची. आठही तारा जागेवर. दीड मीटर म्हणजे कॉम्प्युटरांनाच शेजारी यायला हवं. जुन्याचा सीपीयू बंद करून, दोघांनी धरून, गणपती आणतात तसा बाहेरच्या टेबलावर आणून ठेवला. वेग साठ ते सत्तर एमबी, आणि आता अडत होती ती जुनी हार्ड डिस्कच, तार नाही.

पण तेवढा वेग फक्त मोठ्या फायलींना. व्हिडिओ सरसर गेले. बाबांच्या पत्रिका म्हणजे लाखभर छोट्या फायली, आणि प्रत्येक छोट्या फाइलला उघड, विचार, दे, बंद कर हा सोपस्कार वेगळा. तिथे वेग दोनतीनवर यायचा. शिवाय नेहमीच्या कॉपीत एखादी फाइल वाचता आली नाही की खिडकी उघडून ती विचारत बसते, आणि मी भाजी चिरत असते. म्हणून रात्रीसाठी रोबोकॉपी लावली. विंडोजमध्येच असलेली आज्ञा, काळ्या खिडकीतली. कुठून, कुठे, आणि सगळे उपफोल्डर घे. साडेअकराला एंटर मारलं आणि झोपले.

सकाळी सहाला पाहिलं तर काम एका फाइलवर थांबलेलं. वाचता येत नाही, तीस सेकंद थांबतो, पुन्हा बघतो. तीस सेकंद थांबतो, पुन्हा बघतो. रात्री पाऊण वाजल्यापासून हेच. मग माहिती वाचली. काही सांगितलं नाही तर रोबोकॉपी प्रत्येक अडलेल्या फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी तीस सेकंद थांबून. तीन कोटी सेकंद. भागाकार केला: ३४७ दिवस. एका फाइलसाठी. ही चिकाटी माझ्या नववीच्या मुलांत असती तर! आर, डब्ल्यू आणि लॉग असे तीन पर्याय लावून 'एकदाच बघ, एक सेकंद थांब, पुढे जा, आणि जे राहिलं त्याची यादी कर' असं सांगितलं. आधी गेलेल्या फायली ती पुन्हा नेत नाही, त्यामुळे रात्र अगदीच वाया गेली नाही. दुपारी साडेबाराला संपलं.

दोन्हीकडच्या फायली मोजल्या. तेवीस कमी. यादी बाबांच्या हातात दिली. ते चष्मा लावून एकेक नाव वाचत गेले. "ही गेली तरी चालेल. ही पण. याने पैसे दिले नव्हते." सहा फायलींवर थांबले, उठले, खाटेखालची पेटी ओढली आणि त्यातून त्या सहाही पत्रिकांच्या छापील प्रती काढून माझ्यासमोर ठेवल्या. "हा बॅकअप," म्हणाले. प्रत्येक कामाची एक प्रत ते १९९६पासून ठेवत आलेत, मला माहीतच नव्हतं.

आता लॅपटॉपवर पहिली पत्रिका उघडली. गणपतीच्या चित्राखाली 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं, डॉलरची चिन्हं. बाबांचा चेहरा पडला. फाइल बिघडली नव्हती. ही सगळी कामं युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फाँटांत आहेत. त्यांत आत साठवलेलं असतं इंग्रजी अक्षरांचंच चिन्ह, आणि फाँट त्याला मराठीचा मुखवटा चढवतो. मुखवटा जुन्यावरच राहिला होता. फाँट आणून बसवले आणि पत्रिका दिसू लागल्या. दिसू लागल्या, पण दुरुस्त करायच्या तर ज्या सॉफ्टवेअरने त्या टाइप केल्या त्याला कॉम्प्युटरच्या मागे लावायचं हार्डवेअर लॉक (सॉफ्टवेअर विकत घेतल्याची खूण असलेला छोटा ठोकळा) लागतं, आणि बाबांकडचं लॉक ज्या रुंद पोर्टात बसतं ते पोर्ट लॅपटॉपला नाहीच.

म्हणजे जुना हलवायचा म्हणून जे सगळं केलं त्यानंतर जुना राहिलाच.

पण वेगळ्या रीतीने राहिला. त्याची राउटरची तार मी परत लावली नाही. ज्याला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत तो इंटरनेटवर असायचं कारणच नाही. त्याला आता जगात एकच शेजारी, लॅपटॉप. लॅपटॉपवर एक फोल्डर शेअर केला, नाव पुन्हा 'टपाल', या वेळी लिहिण्याच्या परवानगीसह. इथेही एक अडलं. बाबा लॅपटॉपला चार आकडी पिन घालून आत जातात आणि जुन्यावर विचारलेल्या चौकटीत तीच पिन टाइप करत होते. पिन त्या एका मशीनपुरती असते, नेटवर्कवर चालत नाही, तिथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तो एकदा घालून 'लक्षात ठेव'वर टिक केली.

जूनमध्ये दुकानं उघडायला लागल्यावर तपकीर गल्लीतून पंधरा मीटरची तयार तार आणली. दुकानात उभी राहून दोन्ही टोकांच्या तारा मोजल्या, आठ आणि आठ. दुकानदाराने पाहिलं पण काही बोलला नाही. सीपीयू परत आतल्या खोलीत गेला, तार दाराच्या चौकटीवरून, तोरणाच्या खिळ्याला अडकवून नेली.

बाबा आत पत्रिका जुळवतात, 'टपाल'मध्ये टाकतात आणि हाक मारतात, "टाकलंय गं, आलं का बघ." मी किंवा आई बाहेरून ती गिऱ्हाइकाला पाठवतो. फक्त लॅपटॉप बराच वेळ कोणी हात न लावल्यामुळे झोपला असेल, तर आतून फाइल जात नाही आणि चौकट येते की पत्ता सापडत नाही. उठून लॅपटॉपचं एक बटण दाबलं की काम होतं, हे मी बाबांना चारदा सांगितलंय. ते उठतात, बाहेर येतात, आणि शर्टाच्या खिशातून तो सोळा जीबीचा पेनड्राइव्ह काढून माझ्यापुढे धरतात.